हलणाऱ्या घरातून बाहेर

लग्न होऊन भिवंडीला आले त्या पहिल्याच संध्याकाळी मी ओट्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि त्यातलं पाणी थरथरताना पाहिलं. वारा नव्हता, पंखाही बंद होता. मी पेल्याला हात लावून बघितला, मग ओट्याला, मग भिंतीला. सगळंच हलत होतं. अगदी बारीक, मांडीवर मांजर घुरघुरतं तसं.

"अहो," मी म्हटलं, "जमीन हलतीये."

माझे यजमान पिशव्या उतरवत होते. ते हसले. "जमीन नाही, खाली लूम चालू आहेत. इथं सगळ्याच बिल्डिंगी हलतात. आठ दिवसांत तुला कळणारसुद्धा नाही."

ते काही खोटं बोलत नव्हते. तळमजल्यावर आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग होते. शुक्रवार सोडला तर दिवसरात्र चालायचे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. हे हायवेलगतच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. बिल्डिंगमधली मुलं त्या थरथरीवर झोपायची, बायका त्याच थरथरीत तांदूळ निवडायच्या. मला मात्र आठ दिवसांत सवय झाली नाही आणि आठ आठवड्यांतही झाली नाही.

त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी लातूरकडची. आमच्या भागात मोठा भूकंप झाला तो माझ्या जन्माच्या आधी. माझा थोरला भाऊ त्यात गेला. मी त्याला पाहिलेलं नाही, घरात त्याचा फोटोही नाही. मी वाढले ती पुनर्वसनाच्या गावात. बुटकी घरं, रुंद रस्ते, वरचा मजला कुणाचाच नाही. भूकंपाविषयी आमच्याकडे कुणी बोलत नसे. पण आई अजून दाराजवळ झोपते, आणि रस्त्यानं ट्रक जाऊन मांडणीतली भांडी वाजली की बोलता बोलता थांबते, भांडी गप्प होईपर्यंत. मला ती भीती कुणी शिकवली नाही. अंगावरच्या दुधातूनच आली असावी.

पहिले पाच-सहा महिने मी भिवंडी पाहिलीच नाही म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, पिठाची गिरणी, आणि रविवारी ह्यांच्यासोबत बाजार. माहेरून निघताना चारचौघांनी सांगून ठेवलं होतं, गाव मोठं आहे, परकं आहे, एकटी हिंडू नकोस. मीही हिंडत नव्हते. माझं हिंदी कच्चं होतं. गल्ल्या एकसारख्या दिसायच्या. कापडाच्या ताग्यांनी भरलेले टेम्पो अंगाला घासून जायचे. म्हणजे बाहेर जायची भीती आणि घरात बसायची त्याहून मोठी भीती, अशी मी दोन्हींच्या मध्ये दिवस काढत होते. दुपारी झोपायचे नाही. गादी भिंतीपासून लांब ओढून ठेवायची, दाराची कडी लावायची नाही, आणि छताकडे बघत बसायची.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई राहायची. तिला सगळे चाची म्हणत. तिचे सासरे उत्तरेकडून मागावर काम करायला आलेले, ती स्वतः मात्र भिवंडीतच जन्मलेली. गुडघ्यांनी अधू होती, म्हणून दिवसभर तिच्या दारात स्टुलावर बसून असायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत बोलायची. मी एकदा धीर करून तिला विचारलं, "चाची, ही बिल्डिंग इतकी हलते, तुम्हाला काही वाटत नाही?"

"अरे बेटा, हिलती है तो जिंदा है," ती म्हणाली. "मेरी शादी इसी में हुई. कुछ नहीं होता."

तिच्या त्या बोलण्यावर मी काही आठवडे काढले.

मग एका दुपारी मी भांडी घासत होते आणि माझ्या पाठीमागे काहीतरी धप्पकन पडलं. वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या छताचा परातीएवढा पोपडा जमिनीवर फुटून पडला होता. मी थोड्या वेळापूर्वी तिथेच बसून भाजी चिरली होती. वर, जिथून तो सुटला तिथे, गंजलेल्या सळया दिसत होत्या.

पुढचं मला सलग आठवत नाही. मी जिन्यात होते, मग गल्लीत, मग दुसऱ्याच एका गल्लीत. हाताला राख तशीच होती. चाचीनं मागून हाक मारलेली ऐकू आली होती, पण मी थांबले नाही. दोन्ही बाजूंना मागांची खटखट, वरती एकमेकांवर रेललेल्या इमारती, त्यांना लटकलेल्या वायरी. जिकडे वळावं तिकडे डोक्यावर कुणाचं ना कुणाचं घर होतंच. मला फक्त अशी जागा हवी होती जिथे वर काही नसेल.

तशी जागा सापडली तेव्हा समोर पाणी होतं. वऱ्हाळा तलाव. इतके महिने तो माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ होता आणि मला माहीतच नव्हता. मी काठावरच्या पायरीवर बसले. सोबत पाकीट नाही, फोन नाही. कोणत्या वाटेनं आले ते सांगता येत नव्हतं. पलीकडे दोन-तीन माणसं बसली होती, ती माझ्याकडे बघताहेत असं वाटायला लागलं आणि मी पदर ओढून घेतला.

"काय गो, कवाची बसलेस हितं? कुनी मारलं काय?"

रस्त्याच्या कडेला भाजीची आणि सुक्या मासळीची टोपली घेऊन बसलेली एक बाई विचारत होती. पन्नाशीची, नऊवारी घट्ट नेसलेली. मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग पायात बग काय घातलंस."

एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्या पायात ह्यांची. ते बघून मला रडूच आलं. तिनं मला रडू दिलं, एका गिऱ्हाइकाला मेथी दिली, आणि मग तांब्या पुढे केला. मी पोपड्याचं सांगितलं. ती म्हणाली, "हितल्या बिल्डिंगींचं कुनी सांगावं. आमी खारबावची. आमचं घर भुईवर हाय, वर निस्ता पत्रा." मग तिनं मला खाणाखुणा सांगितल्या. पाण्याच्या टाकीकडे तोंड करून जा, मशीद आली की उजवीकडे. मी घरी पोचले तेव्हा चाची खाली गल्लीत येऊन उभी होती. ती माझ्या हाताला धरून जिना चढायला लागली, आणि प्रत्येक पायरीवर गुडघा धरून थांबत राहिली.

रात्री ह्यांनी खुर्चीवर चढून छत पाहिलं. "पोपडाच पडलाय. मालकाला सांगतो." दोन दिवसांनी मालकाचा माणूस आला, सळयांवर सिमेंट थापून गेला. वरून पांढरा रंग दिला. दिसायला सगळं नीट झालं. पण मला त्या रंगामागच्या सळया दिसतच राहिल्या.

त्यानंतर दुपारचं जेवण झालं की मी घरात थांबेनाशी झाले. फोन आणि थोडे पैसे घ्यायचे आणि निघायचं. लोक शहर बघायला फिरतात. मी घराच्या भीतीनं फिरत होते, म्हणून मला दिसलेली भिवंडी वेगळीच होती. जिथे वर मजला नाही अशी प्रत्येक जागा मी शोधून काढली. तलावाचा काठ. शाळेचं मैदान. एक छोटं बुद्धविहार, पत्र्याच्या छताचं, जिथे दुपारी कुणी नसायचं आणि झाडलोट करणारी ताई मला सतरंजीवर बसू द्यायची. एक गल्ली अशी की तिथे नुसत्या मागाच्या सुट्या भागांची दुकानं, सगळी बैठी, आणि दुकानदार भर दुपारी काउंटरवर डोकं ठेवून झोपलेले. कुणी मागून चालत आलं की मी दुकानाच्या फळीला टेकून त्याला पुढे जाऊ द्यायची. एकदा एक कुत्रा अख्खी गल्ली माझ्यामागे आला आणि मी देवळाच्या पायरीवर चढून ओरडायची तेवढी राहिले. तरी दुसऱ्या दिवशी परत बाहेर. कारण बाहेरची भीती निदान चालता चालता मागे पडायची.

असंच एक दिवस एसटी स्टँडवर पोचले. गणेशपुरीची पाटी लावलेली गाडी लागली होती. मी काही न ठरवता चढले. गाडी सुरू झाली, खिडक्यांच्या काचा खडखडायला लागल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मला भीती वाटत नाहीये. एसटीनं हलायलाच हवं. तिचं हलणं म्हणजे ती ठीक चालली आहे. कितीतरी महिन्यांनी माझे डोळे मिटले. शेजारच्या बाईनं वज्रेश्वरीच्या पुढे मला हलवलं. "कुंडावर जायचंय ना? अकलोली आली."

मी हो म्हणाले आणि उतरले.

गरम पाण्याच्या कुंडांविषयी मी ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. दगडी बांधीव कुंडं, त्यातून वाफ, आणि लोक आनंदानं पाय सोडून बसलेले. मीही बसले. पाणी चांगलंच कढत होतं. कुंडावर शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, सांधेदुखीला फार चांगलं, जमिनीतूनच येतं, बारा महिने असंच असतं.

जमिनीतूनच येतं. ते ऐकलं आणि मी पाय बाहेर ओढले. इतके दिवस मी वरचं छत टाळत फिरत होते. खालच्या जमिनीचं मी मनातच आणलं नव्हतं. ह्या दगडांखाली काहीतरी पेटलेलं आहे, आणि मी त्यावर बसले आहे. मी चपला हातात घेऊनच रस्त्यावर आले.

परतीची गाडी बराच वेळ आली नाही. थांब्यावर मी एकटी होते. संध्याकाळ व्हायला लागली तसा एक मोटारसायकलवाला थांबला. "भिवंडीला का? बसा, सोडतो." चांगलाही असेल बिचारा. मी म्हणाले, माझे मिस्टर येताहेत. तो गेला, पुढच्या वळणावर थांबून त्यानं मागे पाहिलं, मग दिसेनासा झाला. गाडी येईपर्यंत मी त्या वळणावरची नजर काढली नाही.

घरी पोचले तेव्हा हे आलेले होते. माझ्या फोनला तिकडे रेंज नव्हती, त्यांनी चाचीला विचारलं होतं, किराणावाल्याला विचारलं होतं.

"कुठं होतीस?"

"अकलोलीला."

"अकलोलीला? एकटी? कशाला?"

मला खोटं कारण सुचलं नाही. मी म्हणाले, "मला ह्या घरात बसवत नाही." आणि मग पहिल्यांदाच त्यांना भावाचं सांगितलं. आई दाराजवळ का झोपते ते सांगितलं. ह्यांना आमच्या गावचा भूकंप माहीत होता, भाऊ माहीत नव्हता. ते ऐकत राहिले. मग उठले, भिंतीपाशी गेले आणि तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी ते हसले नाहीत.

"बघू," ते म्हणाले. "पाऊस सरला की दुसरी खोली बघू."

पण पाऊस सरायची वाट बघायला मिळाली नाही. श्रावण लागला होता. एका दुपारी जेवण झाल्यावर मी पिशवी घेतली आणि दार ओढलं. दार उघडेना. कडी तर लावलेलीच नव्हती. मी दोन्ही हातांनी ओढलं, पाय चौकटीला लावून ओढलं. वरच्या कोपऱ्यात दार चौकटीत असं दाबलं गेलं होतं की दोन्हींमध्ये कागद शिरला नसता. मी वर पाहिलं. चौकटीपासून एक भेग निघून स्वयंपाकघराच्या बीमपर्यंत गेली होती. सकाळी ती नव्हती. तिच्यातून बारीक पांढरी पूड पडत होती, चाळणीतून पीठ पडावं तशी, थांबून थांबून.

मी ह्यांना फोन लावला. गोडाऊनमध्ये कामावर असताना फोन गेटवर जमा करावे लागतात, हे मला माहीत होतं, तरी लावत राहिले. मग दार बडवलं, ओरडले. खाली माग चालू होते. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत नीट येत नव्हता. खिडकीला लोखंडी गज होते, त्यांच्यामधून ओरडले तर गल्लीतल्या एकाही माणसानं वर बघितलं नाही. तेव्हा मी मांडणीतल्या वाट्या घेतल्या आणि गजांमधून एकेक करून खाली टाकायला लागले. वाट्या, झारा, चमचे, हाताला येईल ते. पूड आता थांबत नव्हती.

एक वाटी चाचीच्या खिडकीच्या पत्र्यावर आपटून गल्लीत पडली. थोड्या वेळानं चाची गल्लीत दिसली. तिनं वाटी उचलली आणि वर पाहिलं. मी दाराकडे हात केला, छताकडे हात केला. ती काय समजली कोण जाणे, पण जिन्याकडे न येता ती सरळ मागांच्या शेडमध्ये शिरली.

आणि माग बंद झाले. एकेक करून नाही, सगळे एकदम.

मला वाटलं होतं, शांतता झाली की बरं वाटेल. पण त्या शांततेत मला बिल्डिंगचा आवाज ऐकू आला. भिंतीच्या आतून, मधूनमधून, कडक सुपारी फुटावी तसा. मी दारापाशी पाठ टेकून उभी राहिले. मी आईला हाका मारत होते, हे मला नंतर चाचीनं सांगितलं.

जिन्यात पावलं वाजली. "बाजू हटो, बेटा. दरवाजा तोड रहे हैं." कामगार दोघं होते, त्यांच्याकडे पहार होती. दोन-तीन घावांत फळी फुटली आणि त्या फटीतून त्यांनी मला बाहेर ओढलं. दंड खरचटला, तो मला दुसऱ्या दिवशी दिसला. चाची जिन्याच्या वळणावर होती. तिला वर यायचं काहीच कारण नव्हतं. मी तिचा हात धरला. आम्ही उतरायला लागलो, ती एकेक पायरी, मागून बाकीच्या घरांतली माणसं, लेकरं, कुणाच्या हातात गॅसची टाकी, कुणाच्या हाताला धरलेला म्हातारा. कामगार म्हणत होते, जल्दी, चाची, जल्दी. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मी तिला म्हटलं, "चाची, तुम्ही तर म्हणत होता, काही होत नाही."

ती पावसात उभी होती, ओढणी डोक्याला चिकटलेली. "डर तो मेरे को भी लगता था," ती म्हणाली. "बीस साल से लगता है. किसको बोलती? बोल के जाती किधर?"

बिल्डिंग पडली नाही. हे सांगितलं की लोकांचा जरा हिरमोड होतो, पण ती पडली नाही. महापालिकेची माणसं आली, इमारत रिकामी करायला लावली, लोखंडी टेकू लावले. निरोप मिळताच हे कुणाच्या तरी गाडीवरून आले आणि मला गर्दीत शोधत माझ्यासमोरूनच दोनदा गेले. तिसऱ्यांदा मी त्यांचा शर्ट धरला.

त्या रात्री आम्ही ह्यांच्या गोडाऊनमधल्या एका सहकाऱ्याकडे झोपलो. सकाळ झाल्यावर मी ह्यांना घेऊन तलावावर गेले. भाजीवाल्या मावशी होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या गावात भुईवरची खोली मिळेल का?" त्यांनी टोपली शेजारणीच्या हवाली केली आणि आम्हाला शेअर रिक्षात घालून खारबावला घेऊन गेल्या. त्यांच्या दिराच्या अंगणात पत्र्याची खोली होती. मागे भाताची खाचरं, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ. मी आधी भिंतीला हात लावून पाहिला. मावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हाय हलत. गाडी गेली की जरा हलतं. मालगाडी हाय, जाते नि थांबतं."

ह्यांना कामावर जायला आता लांब पडतं. त्यांनी त्यावरून कधी काही म्हटलेलं नाही. पहिले काही दिवस मला तिथेही झोप लागली नाही. बेडकांचा आवाज, अंगणात काळोख, सापाची भीती. आणि रात्री कधी मालगाडी आली की मी उठून बसायचीच. हेही उठून बसायचे, दिवा न लावता. गाडी निघून जायची. मग आम्ही आडवे व्हायचो.

त्या बिल्डिंगीत काही कुटुंबं परत राहायला गेली आहेत. खाली मागही सुरू झालेत असं ऐकलं. त्या रस्त्यानं जावंच लागलं तर मी समोरच्या बाजूनं जाते.

चाचीनं पलीकडच्या मोहल्ल्यात मुलाकडे बिऱ्हाड हलवलं. ती बरेच दिवस बोलावत होती. पत्ता विचारत विचारत गेले, आता हिंदी बऱ्यापैकी जमतं. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर निघाली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वर पाहिलं. ती गुडघ्यांमुळे खाली येऊ शकत नव्हती. वर गेले नाही तर भेट नाही. कठडा धरला आणि चढले. भिंतींकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी प्रत्येक मजल्यावर बघितलंच.

तिनं चहा केला. मी तो इतका घाईत प्यायले की जीभ पोळली. तिला दिसलं. ती म्हणाली, "जा, जा. अगली बार आराम से पीना."

मी उतरत होते तेव्हा तिनं दारातून विचारलं, "पहुँच गई नीचे?"

"अभी नहीं, चाची."

ती दारातच उभी होती. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं.

"पोचले," मी म्हटलं.